टिपणीसांचा कान

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमध्ये उल्हास टिपणीसांचं घर शोधायला पत्त्याची गरज पडत नसे. शनिवारी सकाळी ज्या गल्लीत एखादी गाडी बॉनेट उघडून उभी असेल आणि तिच्याभोवती तीन-चार मराठी माणसं अळीमिळी करून उभी असतील, ती टिपणीसांची गल्ली. गप्प राहणं ही तिथली अटच होती. कुणी खोकलं तरी उल्हासराव डोळे न उघडता हात वर करायचे, आणि एरवी मराठी मंडळाच्या सभेत माइक न सोडणारा माणूससुद्धा खोकला गिळून टाकायचा.

कान होताच तसा. तीस वर्षं उल्हासरावांनी गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट बेंचवर काढली होती. नवा गिअरबॉक्स बेंचवर चढवायचा, पूर्ण वेगात पळवायचा, आणि तो पुढे पाठवायचा की बाजूला काढायचा ते ठरवायचं, हे काम. शेजारचे जर्मन सहकारी सकाळी आल्याआल्या कानांवर जाडजूड मफ चढवायचे ते जेवणाच्या सुट्टीलाच उतरवायचे. उल्हासरावांचे मफ मात्र कायम गळ्यात. सेफ्टीची बाई येऊन दटावून जायची, आणि तिची पाठ फिरली की मफ पुन्हा गळ्यात. कान झाकून कानाचं काम कसं करायचं, हा त्यांचा सवाल होता. त्याला उत्तर देण्याच्या फंदात कुणी पडत नसे, कारण मशीनने पास केलेला गिअरबॉक्स उल्हासरावांनी बाजूला काढावा आणि उघडल्यावर आतल्या दातावर चरा निघावा, असं पुष्कळदा घडलं होतं.

निवृत्त झाल्यावर लोक बागेच्या मागे लागतात, नाहीतर सायकलीच्या. उल्हासराव दुसऱ्यांच्या गाड्या ऐकू लागले. मंडळातल्या सत्यजितची गाडी वेर्कश्टाटवाल्यांनी, म्हणजे गॅरेजवाल्यांनी, दोनदा ठेवून घेतली होती आणि ‘या मॉडेलला असा आवाज असतोच’ म्हणून परत पाठवली होती. उल्हासरावांनी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायला लावली, स्वतः फुटपाथवर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मागचं डावं बेअरिंग.’’ तेच निघालं. मंडळात ही गोष्ट महिनाभर पुरली. मग दर शनिवारी गाड्या येऊ लागल्या. शैलाताई, म्हणजे उल्हासरावांच्या पत्नी, पोहे करायच्या, चहा व्हायचा. रविवारी हा कार्यक्रम शक्य नव्हता, कारण समोरच्या फ्राउ हेबर्ले रविवारी इंजिनाचा आवाज खपवून घेत नसत. शनिवारीही त्या गॅलरीत उभ्या राहून बघत असायच्या. काकांची फी एकच होती. जाताना ‘काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो’ एवढं म्हणायचं. ते कुणी म्हणायला विसरलं, तर काका त्या माणसाला पुढे दोन-तीन महिने ओळख दाखवत नसत.

असं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललेलं असताना प्रद्युम्न आला.

प्रद्युम्न पस्तिशीचा, पुण्याचा, एका गाड्यांच्या कंपनीत आवाजाच्याच खात्यात इंजिनिअर. गाडीत बसलेल्या माणसाला काय ऐकू यावं आणि काय येऊ नये, हे ठरवण्यासाठी त्याला पगार मिळतो, हे ऐकून उल्हासरावांना आधी हसू आलं. ते हसू पाडव्याच्या कार्यक्रमापर्यंत टिकलं. त्या दिवशी हॉलमधला स्पीकर गुणगुणत होता. उल्हासराव पहिल्या रांगेतून उठले, डोळे मिटून स्पीकरसमोर उभे राहिले, सगळा हॉल गप्प झाला. आणि तेवढ्यात प्रद्युम्नने फोन वर धरला, पडद्यावर एक आलेख उमटला, त्याने मागे जाऊन एका चार्जरची पिन उपसली आणि गुणगुण थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उल्हासराव डोळे मिटून उभे होते ते तसेच उभे राहिले, कारण आता डोळे उघडून बघायचं तरी काय?

तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. खरोखरचं नव्हे, डॉक्टरकडे जाऊन बरं होणारं असतं तर शैलाताईंनी कधीच नेलं असतं. शनिवारच्या गाड्या विरळ झाल्या. जे यायचे तेही म्हणायचे, ‘‘काका, प्रद्युम्न म्हणाला बहुतेक वॉटर पंप असेल, पण म्हटलं तुम्हालाही विचारावं.’’ ‘तुम्हालाही’ मधला तो ‘ही’ उल्हासरावांना रात्रीच्या जेवणापर्यंत टोचत राहायचा.

‘‘किती साधा मुलगा आहे नाही?’’ एकदा शैलाताई वरण वाढता वाढता म्हणाल्या.

‘‘साधा? फोन ऐकतो, फोन सांगतो, हा नुसता वाचून दाखवतो. यात याचं काय आहे? आपल्या इथल्या ट्राममध्येसुद्धा पुढचं स्टेशन वाचून दाखवणारी बाई असते.’’

‘‘अहो, मी नुसतं साधा म्हटलं.’’

‘‘मग मी कुठे काय म्हटलं?’’

ब्रेड आणायला कोपऱ्यावरची बेकरी पुरत असताना ते आता चालायच्या निमित्ताने थेट फॉयरबाखपर्यंत जाऊ लागले. प्रद्युम्न तिथे राहायचा. त्याच्या बिल्डिंगखाली कुणाची गाडी उभी आहे ते उल्हासराव लांबूनच ओळखायचे आणि ब्रेड काखेत आवळत परतायचे. घरी पोचेपर्यंत ब्रेडचा चपटा झालेला असायचा. शैलाताई त्या चपट्या ब्रेडचे काप करायच्या आणि टोस्टरमध्ये घालायच्या.

मग जून आला, आणि यंदाचा जून विस्तवासारखा निघाला. शैलाताई लुडविग्सबुर्गला एका औषधांच्या दुकानात, आपोथेकेत काम करायच्या आणि घरची जुनी निळी कॉम्बी गाडी घेऊन रोज जा-ये करायच्या. एका संध्याकाळी आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘‘अहो, एसी लावला की गाडीत काहीतरी किंचाळतंय. अगदी डोक्यात जातं.’’

उल्हासरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. ‘‘शनिवारपर्यंत थांबायचं कशाला? चल.’’

खाली येऊन त्यांनी इंजिन सुरू केलं, एसी लावला, आणि शैलाताईंना शेजारी बसवून डोळे मिटले. इंजिनाची घरघर ऐकू आली. पंख्याचा वारा ऐकू आला. लांबून मालगाडी गेली तीही ऐकू आली.

‘‘हे बघा, आत्ता,’’ शैलाताई कानावर हात ठेवत म्हणाल्या.

उल्हासरावांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी श्वास धरला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. काही नाही. आणि या वेळी त्यांना जे वाटलं तो मत्सर नव्हता, निव्वळ भीती होती. गेली दोन वर्षं सकाळी पक्षी कमी झालेत असं त्यांना वाटत होतं. त्याचा दोष त्यांनी पलीकडच्या नव्या बांधकामाला देऊन टाकला होता. ओव्हनचा टायमर वाजला की शैलाताई आधी उठायच्या. त्याचं कारण शैलाला भूक जास्त लागते, असं त्यांनी ठरवलं होतं. आता मात्र कुणावर ढकलायला काही उरलं नव्हतं. ‘मला ऐकू येत नाही’ हे चार शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. आणि लगेच मागोमाग प्रद्युम्नचा चेहरा आला, हातात फोन धरलेला.

‘‘ऐकला,’’ उल्हासराव म्हणाले. ‘‘स्पष्ट ऐकला. बेल्ट आहे.’’

ते उतरले, बॉनेट उघडलं आणि इंजिनावर वाकून बराच वेळ मान डोलावत राहिले. एसी लावला की कॉम्प्रेसरचं ओझं बेल्टवर पडतं, बेल्ट जुना असला की घसरतो आणि किंचाळतो; दहांत आठ गाड्यांचं दुखणं हेच असतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. काचेआड बसलेल्या शैलाताई त्यांच्याकडे बघत होत्या. पुढच्या शनिवारी दोन प्रेक्षकांसमोर उल्हासरावांनी स्वतः नवा बेल्ट चढवला, हात पुसले, एसी लावला आणि शैलाताईंना बोलावून घेतलं.

‘‘काय? गेला की नाही?’’

शैलाताईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्या दोन प्रेक्षकांकडे आणि मग नवऱ्याकडे.

‘‘गेला,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो,’’ प्रेक्षकांपैकी एकजण म्हणाला. उल्हासरावांनी त्या दिवशी पोहे दोनदा घेतले.

हे सुख पुरते दोन आठवडे टिकलं. एका संध्याकाळी ते फॉयरबाखच्या बाजूने ब्रेड घेऊन येत होते आणि प्रद्युम्नच्या बिल्डिंगखाली त्यांना स्वतःचीच निळी कॉम्बी दिसली. चारही काचा खाली. आत चालकाच्या जागी शैलाताई, शेजारी प्रद्युम्न, आणि तो डॅशबोर्डखाली डोकं घालून बसलेला. शैलाताई काहीतरी कळवळून सांगत होत्या. प्रद्युम्नने मान वर काढली आणि तो दोन्ही हातांनी ‘काळजी करू नका’ असं काहीतरी म्हणाला.

उल्हासराव एका डिलिव्हरी व्हॅनच्या आड झाले. स्वतःच्या बायकोला बघून व्हॅनमागे लपणारा त्रेसष्ट वर्षांचा माणूस कसा दिसत असेल, याची त्यांना पर्वा नव्हती. अंगाचा तिळपापड होत होता. त्या वयात माणसाच्या मनात जी शंका येऊ नये ती आली नव्हती; आली होती ती त्यांच्या लेखी कितीतरी वाईट होती. शैला एखाद्याच्या प्रेमात पडली असती तर एक वेळ भांडून घेता आलं असतं. ती त्या पोराच्या कानाकडे गेली होती! ज्या बाईने बत्तीस वर्षं कुकरच्या शिट्टीपासून वॉशिंग मशीनच्या खडखडाटापर्यंत सगळं आपल्याला ऐकायला लावलं, ती आपली गाडी घेऊन, आपल्याला न सांगता, दुसऱ्याच्या दारात.

घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, आणि खरं ऐकायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. त्याऐवजी ते टोमणे मारू लागले. पोळी करपली की, ‘‘आलेख काढून घ्यायचा होतास.’’ भाजीत मीठ कमी की, ‘‘हल्ली फोनवर कळतं म्हणे.’’ पारा रोज पस्तिशीला टेकत होता आणि शैलाताई रोज संध्याकाळी घामाने निथळत, चेहरा लालबुंद होऊन घरी यायच्या, कुर्ता पाठीला चिकटलेला, आणि सोफ्यावर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या. उल्हासरावांना ते दिसत होतं. पण मत्सराने भरलेल्या डोळ्यांना समोरचं दिसलं तरी त्यातून हवा तोच अर्थ निघतो. त्यांच्या मनाने हिशेब केला: फॉयरबाखला वळसा घालून येते, म्हणून दमते.

जुलैच्या एका शनिवारी सोलिट्यूडच्या जंगलाजवळ मंडळाचं ग्रिल होतं. दरवर्षीसारखंच, एका बाजूला सॉसेज, दुसऱ्या बाजूला पनीर आणि कणसं. प्रद्युम्नची बायको सुट्टीत पुण्याला गेली होती आणि त्याची गाडी वार्षिक तपासणीला गेलेली. ‘‘आपण नेऊ या त्याला,’’ शैलाताई म्हणाल्या. उल्हासरावांनी नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना एक कल्पना सुचली होती, आणि ती इतकी गोड होती की त्यांनी आंघोळ करताना गाणं म्हटलं.

प्रद्युम्न मागच्या सीटवर बसला. मांडीवर पनीरचं पातेलं. ‘‘थँक यू काका. आल्झो, म्हणजे मी बसनेच निघणार होतो, पण या पातेल्यासकट नको वाटलं.’’

‘‘अरे, घरचीच गाडी आहे,’’ उल्हासराव म्हणाले. वायलिमडोर्फ मागे पडेपर्यंत त्यांनी दम धरला. बाहेर चौतीस डिग्री होतं. मग त्यांनी चारही काचा वर घेतल्या.

‘‘अहो, राहू दे ना उघड्या,’’ शैलाताई घाईघाईने म्हणाल्या. ‘‘वारा चांगला आहे.’’

‘‘वारा कसला, भट्टी आहे. आणि एसी कशाला आहे?’’ उल्हासरावांनी बटण दाबलं, पंखा पूर्ण सोडला आणि आरशातून मागे पाहिलं. ‘‘प्रद्युम्न, तुला ठाऊक असेलच म्हणा, हिच्या गाडीत एसी लावला की किंचाळी यायची. तुझ्यासारख्याने आलेख काढला असता. मी नुसता ऐकला, बेल्ट बदलला, संपला विषय. आता ऐक. आहे का कुठे कण तरी?’’

गाडीत कुणीच काही बोललं नाही.

उल्हासरावांना ती शांतता आधी फार आवडली. अशी शांतता त्यांनी कितीतरी शनिवार भोगली होती. त्यांनी ऐकलं: इंजिन, पंखा, टायर. सुरेख. मग त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. प्रद्युम्नचे जबडे आवळलेले होते. लिंबू चावल्यावर होतो तसा चेहरा त्याने सरळ करायचा प्रयत्न चालवला होता, आणि एक खांदा नकळत कानाकडे उचलला गेला होता.

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर,’’ तो म्हणाला. ‘‘बेल्ट एकदम स्मूथ आहे, काका. बेल्टला काहीच नाही.’’

शैलाताईंचा हात पुढे आला आणि त्यांनी एसी बंद केला. ‘‘मला गार होतंय,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानापाशी उतरत होता.

उल्हासरावांनी तो ओघळ पाहिला. मागचा उचललेला खांदा खाली आलेला पाहिला. त्यांनी एसी पुन्हा लावला. खांदा वर गेला. बंद केला. खांदा खाली आला. डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ चाललं होतं की कानाची गरजच नव्हती.

पुढे जंगलात शिरणाऱ्यांसाठी गाड्या लावायची मोकळी जागा होती, पार्कप्लाट्स. त्यांनी गाडी तिथे वळवली, इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता विचारलं, ‘‘कधीपासून?’’

‘‘काय कधीपासून?’’ शैलाताई म्हणाल्या.

‘‘शैला, पुरे.’’

शैलाताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ‘‘आवाज गेलाच नव्हता,’’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘‘बेल्टने काहीच फरक पडला नाही. तुम्ही बॉनेट उघडून वाकलात ना पहिल्या दिवशी, तेव्हाच मला कळलं. आवाज गाडीच्या आतून येत होता, माझ्या पायापाशी. आणि तुम्ही बाहेर इंजिनात कान घालून मान डोलावत होता.’’

उल्हासरावांना त्या दिवशीची काच आठवली आणि काचेआडचे तिचे डोळे.

‘‘मग सांगायला काय झालं होतं?’’

‘‘त्या दोन माणसांसमोर?’’

‘‘नंतर!’’

‘‘नंतर तुम्ही इतके खूश होता. पोहे दोनदा घेतलेत.’’

‘‘म्हणून त्याच्याकडे गेलीस,’’ उल्हासराव ओरडले, आणि इतके दिवस साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ‘‘मी पाहिलं तुम्हाला! व्हॅनच्या मागून पाहिलं! माझ्या गाडीत, माझ्या जागेशेजारी बसून हा डॅशबोर्डखाली डोकं घालतोय आणि तू त्याला गाऱ्हाणं सांगतेयस. आणि तू रे? तू लोकांना सांगत असशील, काका बहिरे झालेत, आता इकडे या. घेतलास ना सगळा शनिवार? घे! मी जळतो तुझ्यावर, कळलं? पाडव्यापासून जळतोय. झोप लागत नाही मला.’’

प्रद्युम्नने मांडीवरचं पातेलं शेजारी सीटवर ठेवलं. मग, इतका वेळ नम्र असलेला तो मुलगा, चिडला.

‘‘काका, मला नकोय तुमचा शनिवार! आठवडाभर मी आवाजच ऐकतो. शनिवारी सकाळी मला झोपायचं असतं. माझी बायको म्हणते, आता एकाही गाडीखाली गेलास तर मी पुण्याहून परत येणार नाही. मी प्रत्येकाला सांगतो, टिपणीस काकांकडे जा. गेले दोन महिने तुमच्याकडे जे आले ना, ते सगळे मी पाठवलेत. कुणी ‘तुम्हालाही’ विचारायला आला असेल तर त्याला मीच ढकललंय.’’

उल्हासरावांना आता कुठे कळलं. ज्या खजिन्यावर आपण नागासारखे फणा काढून बसलो तो लुटायला कुणी येतच नव्हतं. उलट आलेला माणूस आपल्याही वाटचा इथेच टाकून पळू बघत होता. त्यांना हसू आलं नाही. प्रद्युम्नने दया म्हणून गाड्या पाठवल्या असत्या तर परवडलं असतं, असं त्यांना वाटून गेलं. दयेत निदान त्यांचा विचार तरी असता.

‘‘आणि काकू त्या दिवशी आल्या त्या गाडी दाखवायला नव्हत्या आल्या,’’ प्रद्युम्न आवाज खाली आणत म्हणाला. ‘‘धोक्याचं काही नाही ना, एवढंच विचारलं. आणि म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, मंडळात तर मुळीच नको. मी म्हटलं, दुरुस्त करून घ्या, तासाभराचं काम आहे. नाही म्हणाल्या.’’

‘‘का?’’ उल्हासरावांनी बायकोकडे वळून विचारलं.

‘‘वेर्कश्टाटमध्ये नेली असती तर दोष बेल्टचा नव्हता हे तुम्हाला कळलंच असतं.’’

‘‘मग महिनाभर या उकाड्यात तू…’’

‘‘काचा उघड्या टाकून जात होते,’’ शैलाताई म्हणाल्या. ‘‘एसी लावला की डोकं उठायचं. इतकं काही नाही हो त्यात.’’

उल्हासराव तिच्याकडे बघत राहिले. रोज संध्याकाळी लालबुंद चेहऱ्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावणारी ही बाई आपल्या समोर सोफ्यावर बसत होती, आणि आपण तिला मीठ कमी पडल्याचे टोमणे मारत होतो. ते जळत होते फॉयरबाखकडे बघून, आणि भाजून निघत होती ती. त्यांना तिची क्षमा मागायची होती. पण त्यांच्या पिढीच्या पुरुषांना ते शब्द जिभेवर येता येता अडकतात, तसे ते अडकले.

एसी पुन्हा लावून ते उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं. त्यांनी मान वाकवली नाही. हात घातला आणि इंजिनामागून गाडीच्या आत जाणाऱ्या एसीच्या दोन नळ्या चाचपल्या. जाड नळी पाण्याच्या थंड बाटलीसारखी लागायला हवी होती. ती कोमट होती.

‘‘शैला, माझ्या जागी बस,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘काच खाली घे. वाजतंय का?’’

‘‘वाजतंय.’’

‘‘पंखा कमी कर. आता?’’

‘‘तेवढंच आहे.’’

‘‘म्हणजे पंख्याचं नाही. आता पेडल दाब थोडं. वाढलं?’’

‘‘थोडं बारीक झालं. शिट्टीसारखं. इथे, उजवीकडे, खालून.’’

प्रद्युम्न उतरून शेजारी येऊन उभा राहिला. उल्हासरावांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, ‘‘गॅस कमी झालाय. कुठेतरी गळतोय. आत ज्या व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो सुटतो, तिथे शीळ घालतोय. बेल्टचा काही संबंध नाही. मी चुकलो.’’

‘‘मीही व्हॉल्व्हच म्हटलं होतं,’’ प्रद्युम्न हळूच म्हणाला. ‘‘पण गॅस कमी आहे ते मला कळलं नव्हतं. मी नळीला हात नव्हता लावला.’’

एरवी या वाक्यावर उल्हासराव महिनाभर जगले असते. आत्ता त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बॉनेट बंद करून ते शैलाताईंच्या खिडकीशी आले. जंगलातून फिरून आलेलं एक जर्मन जोडपं शेजारच्या गाडीत काठ्या ठेवत होतं.

‘‘कसा आहे गं तो आवाज?’’ उल्हासरावांनी विचारलं. ‘‘काढून दाखव.’’

‘‘अहो, काहीतरीच! इथे?’’

‘‘दाखव.’’

शैलाताईंनी एकदा त्या जोडप्याकडे पाहिलं, एकदा प्रद्युम्नकडे. तो शहाण्यासारखा पातेलं बघायला निघून गेला. मग त्यांनी घसा साफ केला आणि तोंडाचा चंबू करून एक बारीक, लांबलचक ‘चींऽऽ’ काढली. त्या जोडप्याने दचकून वळून पाहिलं.

‘‘अजून बारीक?’’ उल्हासराव म्हणाले.

‘‘हो. खूपच बारीक.’’ त्यांनी पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा काढली, मान ताणून, डोळे घट्ट मिटून, आवाज फुटेपर्यंत. मग त्या थांबल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘याहून बारीक माझ्या घशातून निघत नाही हो.’’

उल्हासरावांनी खिडकीतून हात आत घालून तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘इथवरचं मला येतं ऐकू. त्याच्या पुढचं तू ऐकत जा, आणि मला सांग.’’